बनुबाईंचं येसर

जामखेड,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रज्ञा,

फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी शाळेतल्या गोष्टींत शिरतो आणि कामाचं राहून जातं. शिवाय सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात. म्हणून मेल करते. तूही मेलवरच उत्तर दे, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

माझी धाकटी बहीण मोनिका उन्हाळ्यात पुण्याहून खर्ड्याला माहेरी आली होती, तेव्हा मावशींनी, म्हणजे तुझ्या आईने, तिला येसराचा डबा दिला. तिने तिकडे आमटी केली, शेजारणीला वाटीभर दिली, आणि तिथून सुरू झालं. आता तिच्या सोसायटीतल्या बायका सारख्या विचारतात, येसर आलं का. निम्म्या जणींना येसर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. डाळ, गहू, बाजरी भाजायची, मसाला घालायचा आणि दळायचं, असं मी सांगते. पण एवढंच असतं तर माझंही तसं झालं असतं. माझं पिठासारखं लागतं. मावशींचं तसं लागत नाही.

तर ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलंय. मावशींनी खर्ड्यात करायचं, पॅकिंग आणि कुरिअर मी जामखेडमधून बघायचं. मी जाऊन त्यांच्याशी बोलले. आधी हसल्या. म्हणाल्या, "माझं येसर तारेतून जानार व्हय?" आणि लगेच भाजायला मोठी कढई कुठून आणायची ते बोलायला लागल्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना घर खायला उठतं, हे तुलाही माहीत आहे.

इथे बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान असलेले हर्षल म्हणून आहेत, ते वेबसाइट करून देणार आहेत. ते म्हणाले, आधी डोमेन घ्या. म्हणजे इंटरनेटवरची पाटी. लोक तीच टाइप करून दुकानात येणार. एकदा लावली की तीच ठेवायची, मध्येच बदलली तर गिऱ्हाईक वाट चुकतं. मला काही सुचत नाही. तू त्याच क्षेत्रातली. नाव सुचव.

तुझी,
ज्ञानू


हैदराबाद,
१६ ऑगस्ट २०२४

प्रिय ज्ञानू,

मेल वाचून इतकं बरं वाटलं की काल सुट्टी असूनही दिवसभर तेच डोक्यात होतं.

पहिली गोष्ट, नाव तुझ्या स्वतःच्या मेलवर आणि तुझ्या मोबाईल नंबरवर घे. हर्षल कितीही चांगले असोत, त्यांच्या खात्यावर नको. दुकान एकाचं आणि पाटी दुसऱ्याच्या ताब्यात, असे तंटे मी रोज बघते. दरवर्षी ते नव्याने भरावं लागतं, विसरलीस तर दुसरं कोणीही उचलतं. नाव लहान घे. फोनवर सांगितलं तर समोरच्याला न विचारता लिहिता आलं पाहिजे. येसर हा शब्द इंग्रजी अक्षरांत दहा जण दहा प्रकारे लिहितील, म्हणून तो पाटीत नको. मधे आडवी रेघ नको. डॉट कॉम नाही मिळालं तर डॉट इन घे.

आणि नाव काय, ते तर समोरच आहे. कलाबाई. तिच्याच हातचं आहे ना.

एक मात्र सांगते. आडनाव घालू नकोस. सदाफुले हे कानाला कितीही गोड लागलं तरी नको, नुसतं कलाबाई. का, ते तुला कळतं. इथे ऑफिसात मी प्रज्ञा बी. आहे. अप्पांच्या भीमराज नावाचा बी. हैदराबादेत बरेच जण असं अक्षर लावतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटत नाही. टीममधल्या संगमनेरच्या एकाने एकदा विचारलं, पूर्ण नाव काय. म्हटलं, एवढंच. माझं मी निभावते, आईला या वयात त्यात कशाला ओढायचं. तिने फक्त येसर करावं आणि लोकांनी खावं.

नाव मिळालं की कळव.

प्रज्ञा


जामखेड,
८ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रज्ञा,

उशीर झाला. गौरी-गणपतीची गडबड आहे.

कलाबाई हे नाव कोणीतरी आधीच घेतलेलं निघालं. डॉट इनसुद्धा. मला फार वाईट वाटलं, पण हर्षल म्हणाले की असं होतंच, जुन्या बायकांची नावं लोक अडवून ठेवतात. मग थांबून तरी काय करायचं, म्हणून दुसरं एक घेतलं. माझ्याच मेलवर घेतलं, तू सांगितलंस तसं. नाव घेतलं म्हणजे दुकान उघडतं असं मला वाटत होतं. पण ते दुकानाला जोडावं लागतं, आणि जोडल्यावरही सगळीकडे कळायला वेळ जातो. संध्याकाळभर मी ते उघडून बघत होते, कोरं पान. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना सहज बघितलं तर उघडलेलं.

अजून रंगरंगोटी चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही. पूर्ण झालं की बघ.

फोटो काढायला आम्ही खर्ड्याला गेलो होतो. मावशींनी परातीत येसर कालवलं आणि हर्षलनी त्यांच्या हातांचे फोटो काढले. खाण्याच्या वस्तूला हातांचाच फोटो शोभतो म्हणाले. फार सुंदर आलेत.

तुझी,
ज्ञानू


हैदराबाद,
३ नोव्हेंबर २०२४

ज्ञानेश्वरी,

मोनिकाने दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर दुकानाचा पत्ता पाठवला. बहुतेक तिला वाटलं, मला माहीतच असणार.

बनुबाईंचं येसर. वर तुझ्या सासूबाईंचा हसरा फोटो. "चार पिढ्यांची घरंदाज चव." खाली माझ्या आईचे हात. तिचं नाव मी शोधलं. शेवटच्या पानावर, कुरिअरच्या नियमांच्या खालीही शोधलं. नाही.

तुझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी येसर केलंय का?

मग मी डोमेन विकणाऱ्या साइटवर कलाबाई टाकून पाहिलं. डॉट इन मोकळं आहे. आज मोकळं आहे आणि सप्टेंबरमध्येही मोकळंच होतं, कारण ते आजवर कोणी घेतल्याची नोंदच नाही. हे कोणालाही बघता येतं. तुला वाटलं मी बघणार नाही?

प्रज्ञा


जामखेड,
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रज्ञा,

तू बघशील असं मला वाटलं नव्हतं, हे खरं. हर्षलचंही नाव मी उगाच घेतलं. त्यांनी मला नाव मोकळं असल्याचं दाखवलं होतं.

पण तू माझ्या जागी उभी राहून बघ. पहिली गिऱ्हाइकं कोण असणार? मोनिकाच्या ओळखीतले निम्मे लोक आपल्याच जिल्ह्यातले. नंतर आमच्या नात्यातले ग्रुप. तिथे कलाबाई म्हटलं की विचारणार, कोण कलाबाई? खर्ड्याच्या म्हटलं की विचारणार, कोणाच्या? तूच लिहिलं होतंस, आडनाव नको. पण आपल्याकडे आडनाव झाकून भागत नाही गं, कोणाच्या हा प्रश्न येतोच. आणि ही खायची वस्तू आहे. एक पाकीट परत आलं असतं आणि ते का आलं हे मावशींना कळलं असतं, तर? त्यापेक्षा आधी चव लागू दे लोकांना, मग सांगू, असा माझा विचार होता.

मला स्वतःला यातलं काही वाटत नाही, हे तुला माहीत आहे. शाळेत मी तुझ्या डब्यातलं खाल्लंय.

दिवाळीत इतक्या ऑर्डरी आल्या की मावशींनी मदतीला दोघी बायका घेतल्या. मावशी खुशीत आहेत. त्यांना आत्ता काही सांगू नकोस. लग्नसराई होऊ दे, मी नाव बदलते.

ज्ञानू


हैदराबाद,
१० नोव्हेंबर २०२४

ज्ञानेश्वरी,

मीही तुझ्या डब्यातलं खाल्लंय. ते मी कधी लक्षात ठेवलं नाही.

काल आईचा फोन आला. विचारत होती, "उघडलंस का गं माझं दुकान? कसं दिसतंय?" तिच्याजवळ साधा फोन आहे, तिला ते दिसत नाही. वस्तीत सगळ्यांना सांगत सुटली आहे की आपल्या नावाचं दुकान निघालंय. मी म्हटलं, उघडलं आई, छान दिसतंय.

म्हणजे मीही आता तुझ्याबरोबर आहे. तिला सांगत नाही, पण ते तुझ्यासाठी नाही. तिचा आवाज इतका मोकळा मी अप्पा गेल्यापासून ऐकला नव्हता.

मार्चच्या आत नाव बदल.

प्रज्ञा


जामखेड,
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रज्ञा,

तुझा निरोप मोनिकाने सांगितला. विसरलेले नाही. पण डोमेनचं नाव खोडून दुसरं लिहिता येत नाही. नवं घ्यायचं, दुकान त्याला जोडायचं, आणि जुन्यावरून लोकांना नव्यावर वळवायचं, असं करावं लागतं. ऐन लग्नसराईत हे केलं तर ऑर्डरी चुकतील. एप्रिल संपू दे. शब्द देते.

ज्ञानू


खर्डा,
१८ एप्रिल २०२५

लेक प्रज्ञा हिला आईचा जय भीम.

तू लई येळा फोन केला, मी उचलला न्हाई. फोनवर बोलता येईना म्हनून लिवते. तब्येत बरी हाय. काळजी करू नको.

चौदा तारखेला विहारापाशी जयंतीचा कार्यक्रम हुता. सहादेवभाऊ आदल्या दिवशी घरी आले हुते. म्हनले, कलाताई, तुमचा सत्कार करायचा ठरलाय, आपल्या वस्तीतल्या बाईचं इंटरनेटवर दुकान हाय, ही काय लहान गोष्ट न्हाई. मी नको नको म्हनले, पन मनातून बरं वाटलं. पांढरं पातळ नेसून गेले. पुढंच खुर्ची दिली हुती.

मोठ्या पडद्यावर दुकान दाखवायचं हुतं. सहादेवभाऊनं माझं नाव टाकलं. काय येईना. दुसऱ्या परकारं टाकलं, तरी येईना. लोक म्हनले, रेंज नसंल. मग मागून कुनीतरी म्हनलं, खर्ड्याचं येसर आसं टाका. ते टाकल्याबरूबर आलं. बनुबाईंचं येसर. वर बनुबाई, डोक्यावर पदर घेऊन हसत्यात. खाली परात आन् परातीत हात. ते हात माझे हायेत, प्रज्ञा. माझं गोंदन मला वळखू येनार न्हाई का? फुटू काढाया आले तवा मी केस इंचरून बसले हुते. मला वाटलं तोंडाचा काढत्याल. म्हनले, हातच पाहिजेत.

सहादेवभाऊ मोठ्यानं वाचाया लागले, चार पिढ्यांची घरंदाज चव. तितंच थांबले.

कुनी हसलं न्हाई. हसले असते तर मीबी हसून घरी आले असते. पडदा बंद केला. सहादेवभाऊ म्हनले, शाल तरी घालू द्या ताई. मी घालून घेतली. आनलेली शाल परत कशी द्यायची. खाली बसले तर शेजारच्या बायका माझ्याकडं बघायच्या टाळाया लागल्या. जेवन न करता घरी आले.

ज्ञानेश्वरीचं मला तेवढं लागलं न्हाई. घरात एकटी असली की ती मला मावशी म्हनती, सासू आली की कलाबाई म्हनती. ते मी पयल्यापासून ऐकत आले. लेकरू चांगलं हाय, पन भ्यालेलं हाय.

तुला येकच इचारते. तू मला म्हनायचीस, उघडलं आई, बघितलं आई. मंग तुला ठावं हुतं का? आसंल तर हा म्हन, नसंल तर न्हाई म्हन. तुझा बाप शाळेत तुझं नाव घालाया गेला तवा सदाफुले नीट लिवलंय का ते त्यानं दोनदा वाचून घेतलं हुतं. त्याची लेक माझ्याशी खोटं बोलंल आसं मला वाटत न्हाई.

तुझी आई,
कलाबाई


जामखेड,
२ मे २०२५

प्रज्ञा,

तू खर्ड्याला येऊन गेलीस आणि मला भेटली नाहीस. भेटायचं नव्हतंच, मला समजतं. तरी लिहिते, कारण जे झालं ते तुला माझ्याकडूनही कळायला हवं.

जयंतीचं मला अठरा तारखेला कळलं. दुसऱ्याच दिवशी खर्ड्याला गेले. मावशी दारात धने निवडत होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "या. बसा." आजवर "बस गं" म्हणायच्या. पाणी दिलं, चहा ठेवला.

मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

"मावशी कशाला, कलाबाईच म्हना. सवय हाय मला."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, जवळ आल्या नाहीत. चहा गाळून पुढे ठेवला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या नाव बदलते, तुमचा फोटो लावते, सगळं लिहिते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आता माझं नाव लावून काय हुनार? लोक म्हनतील, बनुबाईचं चांगलं हुतं, हे नवं कुनाचं आलं. माझंच येसर माझ्याच नावाखाली वंगाळ ठरंल." मी निघायला उठले. जाताना म्हणाल्या, "भाजलेलं हाय तेवढं घेऊन जा. वाया नको जायला. पुढचं न्हाई करनार मी." मी ते घेतलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना इतके महिने वाटत होतं की येसर मी परसात भाजते आणि मानाने त्यांचं नाव लावलंय. पाकिटावरचा फोटो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. त्यांनी जवळचं पाकीट पालथं ठेवलं. मग म्हणाल्या, "तिचं नाव लावू का म्हणून विचारलं असतंस, तर मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक. खोटं कशाला बोलू. पण विचारायचं तरी. न विचारता तू मला चोर केलंस."

जेवताना पुन्हा म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आपण तिच्या हातचं खात होतो."

मी हो म्हटलं.

"चांगलं करते," म्हणाल्या आणि पुढे जेवल्या. म्हणजे मी ज्या नकाराला घाबरून हे सगळं केलं, तो नकार मला कदाचित मिळालाही असता. पण तो माझ्या घरात मिळाला असता. मावशींना पडद्यासमोर बसून तो बघावा लागला नसता.

आता एक मदत कर. मावशी काही म्हणोत, मला एक पाटी तरी नीट लावायची आहे. पूर्ण नावाने लावावी, आडनावासकट, असं वाटलं. सदाफुले. इंग्रजीत टाकून बघितलं तर डॉट इन कोणीतरी घेतलेलं आहे. यावेळी खोटं बोलत नाही, तूही बघ. गेल्या ऑगस्टमध्येच घेतलंय. मालकाचं नाव झाकलेलं आहे आणि उघडलं तर कोरं पान येतं. हा मालक कोण ते तुला काढता येईल का? मी त्याच्या हातापाया पडेन.

ज्ञानेश्वरी


हैदराबाद,
११ मे २०२५

ज्ञानू,

मालक शोधायची गरज नाही. ते माझ्याकडे आहे.

तुझी पहिली मेल आली तेव्हाच, पंधरा ऑगस्टला मी ते घेतलं. नावं सुचवायची म्हणून बसले होते आणि सहज सदाफुले टाकलं. मोकळं होतं. मला इतका आनंद झाला की कार्ड काढून लगेच पैसे भरले. तुला आणि आईला एकदमच सांगायचं, असं मनात होतं. पैसे भरताना शेवटी एक प्रश्न येतो, मालकाचं नाव लोकांना दिसू द्यायचं की झाकायचं. मी झाकायचं निवडलं. बोट जराही अडलं नाही. आणि मग बसल्या बसल्या वाटायला लागलं, हे उघडलं आणि टीममधल्या कोणी बघितलं तर? आई, खर्डा, सदाफुले, आणि खाली माझ्या चेहऱ्याशी जुळणारा फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला लिहिलं, आडनाव नको.

तू आईचं नाव झाकलंस यावर मी तुला किती बोलले. झाकायची सुरुवात माझ्यापासून झाली होती. तू फक्त माझ्या एक पाऊल पुढे गेलीस.

खर्ड्याला गेले तेव्हा आईला सांगितलं की मला ठाऊक होतं. तिने विचारलं, "कधीपास्नं?" म्हटलं, दिवाळीपासून. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. तिची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा बघितली. शेवटी म्हणाली, "मला वाटलं हुतं तू न्हाई म्हनशील." एवढंच. मला तिने विश्वासाने विचारलं होतं, आणि तिला हवं ते उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

ते नाव तुला देत नाही. रागाने नाही. ते माझ्याच हातून उघडायला हवं.

प्रज्ञा


जामखेड,
२० जून २०२५

प्रज्ञा,

बरोबर आहे तुझं.

बनुबाईंचं दुकान बंद केलं. पत्ता मुदत संपेपर्यंत राहील, पण उघडला की आता फक्त एवढं दिसतं: "हे येसर खर्ड्याच्या कलाबाई भीमराज सदाफुले करत होत्या. त्यांना न विचारता आम्ही ते दुसऱ्या नावाने विकलं. आता ते मिळणार नाही." सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "राहू दे असंच."

नात्यातल्या ग्रुपवरही हेच टाकलं. आमचे चुलत सासरे आबासाहेब यांचा माझ्या नवऱ्याला फोन आला, सुनेला आवरा म्हणून. बाकी कोणी एक अक्षर लिहिलं नाही. नंतर माझ्या वाढदिवसालाही नाही. म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती.

पण मोनिकाच्या शेजारणीचा, जिने पहिली वाटी खाल्ली होती, तिचा फोन आला. बाकी काही न विचारता म्हणाली, "मग त्यांच्याकडून थेट मागवता येईल का?" आणखीही काही बायकांनी हेच विचारलं. या बायका पहिल्यापासून तिथेच होत्या, प्रज्ञा. मी त्यांना एकदाही विचारून पाहिलं नाही.

मावशींना पुन्हा भेटायला गेले होते. दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, लेकीकडे गेल्या.

ज्ञानू


हैदराबाद,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्ञानू,

तुझी मेल जूनपासून उत्तराविना पडून होती. आई तेव्हा जेमतेम आठवडाभर इथे राहिली, काही न बोलता परत गेली. दिवाळीला मात्र स्वतःहून आली आणि अजून आहे.

आल्या दिवशी दारात थांबली. जूनमध्ये नुसत्याच वाचलेल्या नावाच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाली, "प्रज्ञा बी. ही बी कोन?"

"अप्पांचं नाव आहे आई. भीमराज."

"मंग सदाफुले कुठं गेले?"

मी तिला आत बसवलं, लॅपटॉप उघडला. ऑक्टोबरमध्ये मी ते नाव जोडलं होतं. पान उघडलं. तिचा फोटो, तोंडाचा, खर्ड्याच्या घरासमोरचा. खाली पूर्ण नाव. खरेदीचं बटण मुद्दाम लावलं नव्हतं, तिने हो म्हटलं तर लावणार होते. तिने चष्मा नीट करून सावकाश वाचलं.

"हे कुनालाबी दिसतं?"

"कोणालाही. अमेरिकेतसुद्धा."

"आन् तुझ्या शेजारनीला?"

मी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"अमेरिकेचं नंतर बघू. आधी दारावर लाव," म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पाटी करायला टाकली. लावायला माणूस आला तेव्हा आई खुर्ची घेऊन बाहेर बसली होती, पाटी तिरकी लागू नये म्हणून. त्याच आठवड्यात मी टीमला जेवायला बोलावलं. संगमनेरचा तोही आला. दारात थांबला, पाटी वाचली, म्हणाला, "अच्छा," आणि आत आला. येसराची आमटी होती. जेवला, आईच्या पाया पडला, गेला. त्या अच्छामध्ये काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. ऑफिसात तो पूर्वीसारखाच बोलतो, की थोडं कमी बोलतो, हेही मला ठरवता येत नाही. आईला म्हटलं तर म्हणाली, "वाचलं ना त्यानं? मंग त्याचं तो बघंल."

दुकानाचं सांगते. बटण लावायला तिने नकार दिला. मी दोनदा विचारलं. म्हणाली, आता विकायचं मन होत नाही, घरापुरतं करीन, विहारात पंगत असली तर करीन. त्या पुण्याच्या शेजारणीचं सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "लई उशीर केला तुमी दोघींनी." तुमी दोघींनी, असंच म्हणाली. ते पान तसंच आहे. फोटो आणि नाव. रोज एखाददुसरा माणूस उघडतो. कोण असेल ते दिसत नाही. कधी कधी मला वाटतं, तूच असशील.

काल तिने येसर दळून आणलं. डब्यात भरताना मी विचारलं, "आई, ज्ञानूला पाठवायचं का थोडं?"

ती भरत राहिली. ऐकू गेलं होतं, ते मला तिच्या मानेवरून कळलं. मी परत विचारलं नाही. झाकण लावून तिने डबा फळीवर ठेवला आणि सांडलेलं येसर हातानेच गोळा करायला लागली.

प्रज्ञा